ओल्या शाईवरचा अंगठा

३ मार्च, मंगळवार
डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढत जाणार, आठवतंय ते लिहून ठेवा. मला अक्षर येत नाही. मी बोलणार, नात लिहिणार.
पहिली गोष्ट थोरल्या बहिणीची. तिला ओळखणारी मी एकटीच उरलेय. घंगाळात बसून नदी ओलांडली होती तिने! पलीकडून ओरडली, "आता हे परत कोण नेणार?"
"लिहिलंस?" — "लिहिलं, आजी."

५ मार्च
पकडली. वाच म्हटलं, तर पान कोरं! म्हणते, "डोक्यात आहे गं. रविवारी सगळं एकदम उतरवते, वेळ वाचतो."
तिच्या ऑफिसातही हेच. कॉम्प्युटरच्या मुळाशी कर्नेल नावाचा कारभारी असतो म्हणे. फाईल लिहायला दिली की "लिहिलं" म्हणतो आणि ठेवतो मेमरीत. डिस्कवर उतरवतो सवडीने.
"मध्येच वीज गेली तर?"
"तेच सुधारायचं काम माझ्याकडे आलंय."
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

६ मार्च
नवा नियम. थोरलीच्या गोष्टीसकट मागचं सगळं पुन्हा सांगितलं. वाक्य झालं की ओल्या शाईवर माझा अंगठा. काळा झाला तरच लिहिलं. वाचता येत नाही, ओलं तर कळतं. उशी काळी, चहाचा कप काळा, जावयाचा शर्टही.

९ मार्च
नात अडलीय. प्रत्येक ओळ डिस्कवर जाईपर्यंत थांबलं तर मशीनची गोगलगाय होते, साहेब करवादतो. "थांबायची सोय आहे गं, पण कुणी मागतच नाही."
"मागेल कशाला? तो आधीच लिहिलं म्हणतो ना. त्याला दोन शब्द शिकव. हातात घेतलं की 'ऐकलं'. खाली उतरलं की 'लिहिलं'. घाईवाला ऐकल्यावर निघेल, जीव अडकलेला थांबेल."
नातीने फोन उचलला. साहेबाला हेच सांगितलं — माझं नाव न घेता. हेही लिही.

१३ मार्च
साहेबाने चालू मशीनची वायर सात वेळा उपटली. 'लिहिलं' म्हटलेलं सगळं सापडलं. 'ऐकलं'मधलं थोडं गेलं, पण त्याने खोटं तर सांगितलं नव्हतं. कल्पना कुणाची, विचारलं.
"आहेत एक अंगठेबहाद्दर सल्लागार."

२९ ऑगस्ट
नातीने आज कुणा बाईची गोष्ट वाचून दाखवली. घंगाळात बसून नदी ओलांडते! पोट धरून हसले. कोण होती, विचारायला हवं.
ओळीओळीवर कुणीतरी अंगठा उमटवलाय. माझा ठेवून पाहिला. बरोबर बसला.