हा बोल्ट हिचा नाही

सोमवार, ३

आज मामांच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात तिघांनी तीन बंदुका आणल्या, तिघांचं तुणतुणं एकच — "आजोबांची आहे हो, लाखाच्या घरात जाईल ना?" लाख! जुन्या बोल्टच्या बंदुका, मागचा दांडा सरकवून नळी बंद करायच्या, कारखान्याने ढिगाने काढलेल्या, वर साधा मॉडेलचा नंबरसुद्धा घातलेला नाही. बोल्टच्या मुठीचा बाक, सेफ्टीची जागा, मॅगझिन सुटं निघतं की नाही, एवढ्यावरून मॉडेल ओळखायचं. मी मिनिटात सांगतो. मामांना अर्धा तास लागतो. वास घेतात की काय!

वर टोमणा आहेच. "दोन वर्षं इंजिनिअरिंग शिकून पळून आलास शहाण्या, आणि टेबलावर दोन बंदुका एकदम उघडतोस? बोल्ट हातात निघून येतो. एका वेळी एकच!"

म्हाताऱ्यांचे नियम.

मंगळवार, ४

ती आली! कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा. हातात तीच निळी बॅग.

सोबत एक चष्मा. "हा माझा होणारा नवरा." छत्री दाखवावी तसं म्हणाली!

चष्म्याच्या घरची वीस बोअरची बंदूक. रविवारी नेमबाजीच्या क्लबवर चालवायची आहे, तपासल्याची चिठ्ठी हवी. मी एक नजर टाकली. "अशा हजारो आहेत. भिंतीला टांगा." ती हसली. त्याला की मला, कळलं नाही. तो बावळट विचारतो, "सेफ्टी मागे आहे, म्हणजे ही आधीच्या मॉडेलची ना?" कुठेतरी वाचून आला असणार. मी पावती फाडून त्याच्या हातात दिली.

बुधवार, ५

चष्म्याची बंदूक दहा मिनिटांत साफ. बँकेच्या वॉचमनचीही त्याच कारखान्याची, नंतरच्या मॉडेलची. दोन्ही एकाच टेबलावर उघडल्या. दोन्ही उरकल्या. चिठ्ठी लिहिली — "तपासली. ठीक." खाली माझी सही.

न्यायला ती एकटीच आली. "थँक्स रे." अजून रे म्हणते!

गुरुवार, ६

मामांनी वॉचमनची बंदूक उचलली, बोल्ट मागेपुढे केला आणि थांबले. मूठ खाचेत नीट बसत नव्हती.

"हा बोल्ट हिचा नाही."

हिचा नाही, म्हणजे चष्म्याच्या बंदुकीचा. आणि हिचा तिकडे.

"वॉचमनने तसाच आणला असेल," मी म्हटलं. मामा बघत राहिले. "पूर्ण लॉक झाला नाही, तर बार उडाल्यावर बोल्ट मागे येतो. कुठे येतो?"

"तोंडावर."

"हुशार आहेस."

सांगावं? सांगितलं, तर ती म्हणणार, याला एवढंही जमत नाही. आणि चष्मा सभ्यपणे हसणार. ते सभ्य हसणं मला सहन होणार नाही. चालव की मग, तुला फार कळतं ना सेफ्टीतलं!

शुक्रवार, ७

मामांनी सकाळीच दस्त्याचं लाकूड आणायला पिटाळलं. एवढं काय अडलं होतं? परत आलो तर वॉचमन बंदूक घेऊन गेलेला. मामांनी लाकूड कोपऱ्यात ठेवलं, माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

शनिवार, ८

काही नाही.

रविवार, ९

दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. स्कूटर गेली. चष्मा चालवत होता, मागे ती, बंदूक तिच्या खांद्याला. मला बघून ओरडली, "पहिला बार माझा आहे!"

तिचा!

चपला तिथेच राहिल्या. क्लबपर्यंत धावलो. ती काडतूस भरत होती. मी नळी धरून खाली दाबली आणि सगळ्यांसमोर ओरडलो — "बोल्ट चुकीचा आहे! मीच अदलाबदल केली, मीच!"

ती पांढरीफटक. चष्म्याने शांतपणे बंदूक घेतली. "बरोबर आहे आता. मूठ बसेना, म्हणून मी फोन करणारच होतो, तेवढ्यात गुरुवारी तुझ्या मामांचाच आला. काल नाही, परवा दुकानात येऊन बदलून घेतला." मग हळूच, तिला ऐकू जाणार नाही असं — "हिला काही सांगितलं नव्हतं. तू सांगशील म्हणाले मामा."

हसला नाही. हसायला हवा होता.

सोमवार, १०

मामांनी टेबल पुसलं, एकच बंदूक ठेवली. "तीन दिवस वाट बघितली रे तुझी. शेवटी धावलास ते कुणासाठी?"

ती मागे बसलेली नसती, तर मी पायरीवरून उठलो नसतो.

मामांना बोललो नाही. इथे लिहून ठेवतो.