मागच्या कमानीतला पाटा

सर्वेश,

प्रिय वगैरे लिहिणार नाही. पप्पांच्या जुन्या फियाटच्या मागच्या चाकांवरच्या कमानी, म्हणजे त्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, तू नव्या केल्यास, ते ठीक. पण गणपती आणताना धक्का बसू नये म्हणून त्यांनी कमानीत घातलेला जादा पाटा, ती पोलादी पट्टी, का काढलास? गाडी खाली बसली की फोटोत झकास दिसते म्हणून? पाटा काढला तर गाडी मागून आपटेल, असं गॅरेजवाल्याने तुला बजावलं होतं. काल त्यानेच मला सांगितलं.

गेल्या वर्षी स्पीडब्रेकरवर गाडी मागून धाडकन आपटली आणि आईच्या मांडीवरच्या मूर्तीचा हात तुटला. "माझेच हात थरथरले रे," म्हणत ती रडली. आणि तू, निर्लज्जा, गाडी चालवता चालवता आरशातून मागे बघून म्हणालास, "असू दे गं आई, वय झालं तुझं."

हे पाठवत नाही. पाठवलं तर मला सॉरी म्हणून सुटशील, आईला मात्र खरं सांगणार नाहीस.

यंदा आई म्हणतेय, मूर्ती दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर द्या.

तुझी ताई म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
श्रुतिका