एका कान्याची दुरुस्ती

सोमवार, ३ नोव्हेंबर १९९७. बमरोली, सुरत

सेवानिवृत्तीस नऊ वर्षे झाल्यावर कोणी पुन्हा शुद्धलेखनासाठी बोलावील, असे वाटले नव्हते. सकाळी अमळनेरहून निघालो आणि दुपारी सामान लावूनही झाले. खोली लहान आहे, परंतु स्वच्छ आहे. दाराशी तीन पायऱ्या आहेत. यंत्रमागांचा खडखडाट अखंड चालू असतो. त्याचीही एक लय आहे.

शेजारी सुकदेव व शोभाबाई हे खानदेशातील दांपत्य राहते. त्यांची सात वर्षांची हर्षदा गुजराती शाळेत जाते, घरी अहिराणी बोलते आणि मराठी अडखळत वाचते. मी पाटीवर तिचे नाव गिरवून दिले. शेवटचा काना विसरलीस तर मुलगा होशील, असे म्हणताच ती पोट धरून हसली. येथे मन रमेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कामाचे स्वरूप समजले. भूपेंद्रभाई हे येथील केबलवाले. खानदेशी वस्तीसाठी ते एक जपानी चित्रमालिका मराठी आवाजात दाखवणार आहेत. ललित नावाचा तरुण इंग्रजीवरून मराठी मजकूर लिहितो. तो मी शुद्ध करावयाचा.

कथा गोड आहे. एक मुलगी नव्या घरी राहावयास येते. तिथे चुलीत, पाण्यात, शब्दांतसुद्धा छोट्या देवता वसतात. दारावर तांबडे लाळेरे बांधलेला दगडी कोल्हा राखण करतो. मुलगी दोन टाळ्या वाजवते, मान लववते आणि म्हणते : ‘चुलीत कामी, पाण्यात कामी, शब्दात कामी, माझ्यात कामी.’

ललितने बजावले की, ‘कामी’ म्हणजे जपानीत देवता. उच्चारलेल्या शब्दात शक्ती असते अशी तिकडची श्रद्धा आहे, म्हणून त्या शब्दाला हात लावू नये. मी त्यास सुनावले की, मराठीत कामी म्हणजे विषयलंपट. तो शब्द लेकरांच्या तोंडी शोभत नाही. ‘देव’ घालावा, तर कोल्ह्याला देव म्हटल्यावर लोक बिथरतील, अशी भूपेंद्रभाईंची भीती. शिवाय चित्रातील ओठ दोनदाच हलतात.

ललित चहास गेला, तेव्हा मी तांबड्या शाईने काना खोडला. कमी. ओठांशी जुळले आणि अर्थही बरा निघाला. माणसाने आपले उणेपण ओळखावे. ललितला सांगितले नाही. सांगण्याजोगे काही वाटले नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

काल संध्याकाळी पहिला भाग दाखवला. आज सारी गल्ली टाळ्या वाजवत आहे : चुलीत कमी, पाण्यात कमी. हर्षदाचे उच्चार सर्वांत स्वच्छ. ती माझी शिष्या आहे, असे मी चारचौघांत म्हणालो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

शोभाबाईंनी सोमवारी भरलेला पिठाचा डबा अर्ध्यावर आला आहे. उंदीर आता झाकण उघडावयास शिकले, असे सुकदेव म्हणाला. नळाची धारही बारीक झाली आहे.

दाराशी दोनच पायऱ्या आहेत. मोजण्यात माझी चूक झाली असावी. माझी चूक होत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हर्षदाचा फ्रॉक खांद्यांवरून ओघळतो. स्टोव्हकडे बोट दाखवून तिने ‘ते... ते...’ केले, शब्द सापडेना. टाळ्या मात्र वाजवत होती. हात एकमेकांना लागताना दिसले. आवाज आला नाही.

शोभाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “गुरुजी, त्या गाणामा काही खोट नही ना?”

त्यात एकही शब्द अशुद्ध नाही, असे मी उत्तर दिले. उत्तर व्याकरणदृष्ट्या खरे होते. गुरुजी म्हणतात म्हटल्यावर त्या निश्चिंत होऊन परतल्या. शुद्ध शब्दाची लाज मला आयुष्यात प्रथमच वाटली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

शोभाबाई पोरीला ‘हर्षद’ अशी हाक मारीत होत्या. मी दुरुस्ती केली.

“तिनं नाव हर्षदच शे, गुरुजी.”

पाटी पाहिली. माझेच अक्षर. शेवटचा काना पुसलेला नाही— तो कधी दिलाच नव्हता, अशी पाटी कोरी आहे तेथे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ललितला सर्व सांगितले. तो रागावला नाही. ते अधिक लागले. मूळ कागद आणि लेखणी त्याने माझ्यापुढे ठेवली. ज्याने काढला त्यानेच द्यावा, म्हणाला.

दिला. शाई सुकली आणि काना गेला. पुन्हा दिला. पुन्हा—

ललितने तो शब्द मोठ्याने उच्चारून दाखवला. मला कमी असेच ऐकू आले.

शोभाबाईंना उद्या सांगेन. आज धीर नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कबुली द्यावयास गेलो. त्या दोन ताटे वाढत होत्या. तिसरे कुठे, मी विचारले.

“कोणं, गुरुजी?”

कोपऱ्यात पोर बसली होती. मला दिसत होती. थोडी.

काल बोललो असतो तर— तिला आई तरी असती—

पाटी उचलून आणली आहे. लिहिताना हात अडखळतो. काही अक्षरे उघडी पडत आहेत. हे वक्य तपसून पहवे—

गुरुवर

चूक मझी. ललितने बजवले, तरी मीच कन कढल. लज वटली. तिच्य अईल सत्य संगितले नही.

पटीवर लिहिले : हर्षद. पुन्ह लिहिले : हर्षद. ही मुलगी अहे. ही मुलगी—

टळ्य वजवल्य. अवज नही.

शुद्ध म्हणतच येत नही. तरी म्हणत अहे. तिच्यसठी—

चुलीत कमी. पण्यत कमी. शब्दत कमी. मझ्यत क