कपाटाबाहेर गेलेला अर्ज

४ नोव्हेंबर, सोमवार

आज परत तो फोन. तिसरा! मी "हॅलो, हॅलो" करतोय, पलीकडे नुसता श्वास. मोठ्या बाई म्हणाल्या, "ठेव खाली. असे येतातच." त्यांना सवय असेल, माझं धाबं दणाणतं. मार खाऊन घर सोडलेल्या बायकांचं ऑफिस हे. कुणाला सरकारी अनुदान मिळवून द्यायचं, कुणाला कायद्याचा सल्ला. आणि प्रत्येकीमागे एक नवरा दात-ओठ खात बसलेला. मी आपला फायली वाहणारा. मला फुकटचा मार!

आईचा फोन. "अजून टिकलायस? पायाची भिंगरी मोडली वाटतं." चार महिने झाले म्हटलं. माझ्या हिशेबाने विक्रमच.

६ नोव्हेंबर, बुधवार

अर्ज लिहिणाऱ्या बाई रजेवर. मोठ्या बाईंनी छोटीच्या आईचा अनुदानाचा अर्ज माझ्यापुढे टाकला. "शिक भरायला. किती दिवस झेरॉक्सच काढशील?"

छोटीची आई म्हणजे दोन महिन्यांपूर्वी पोर कडेवर घेऊन आलेली बाई. मनगटाला प्लास्टर. नवऱ्याने मोडलेलं. ती आता कुठे राहते ते मोठ्या बाईंना ठाऊक आणि मला — सामान मी पोचवलं म्हणून. अनुदान आलं तर खोली टिकेल. नाही तर? तीच म्हणाली, "मग परत त्याच्याच दारात, भाऊ. आणि या वेळी तो मनगटावर थांबायचा नाही."

दोन फॉर्म वाया घालवले. अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेलेली. सातवीत शाळा सोडली, कुणाला सांगणार! तिसरा फॉर्म शर्टात घालून खोलीवर आणला. कागद ऑफिसच्या कपाटाबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे. एक दिवस मोडला तर आभाळ कोसळत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पेंटरने भरून दिला! पेंटर माझ्या खोलीतला जोडीदार, महिन्यापूर्वी आला. इतक्या लांब आपली भाषा बोलणारा माणूस मिळतो कुठे! दुकानांच्या पाट्या रंगवतो, अक्षर छापल्यासारखं. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला.

त्रासाच्या रकान्यापाशी म्हणतो, "मारहाण कशाला? कुरबुर लिहू. भांड्याला भांडं लागायचंच."

"मनगट मोडलंय तिचं! मारहाणच लिही."

"बरं बाबा, वकीलसाहेब." हसला आणि लिहिलं.

पत्त्यापाशी पेन थांबलं. "राहते कुठे?" मी म्हटलं, तिथे ऑफिसचा पत्ता टाकायचा असतो. एवढं कळतं मला! पेंटर म्हणाला, "हुशार आहेस हं."

८ नोव्हेंबर, शुक्रवार

वकीलबाईंनी अर्ज वाचला. "अक्षर कुणाचं रे हे?"

"माझंच." जीभ झडली नाही.

"झाकलं माणिक! आणि 'डावं मनगट' लिहिलंस ते बरं केलंस. कोर्टात पहिलं तेच विचारतात, कुठलं."

छाती फुगली. घरी येईपर्यंत उतरली. मला खोटं पचत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

अनुदानाच्या चौकशीचे साहेब बुधवारी छोटीच्या आईच्या खोलीवर जाणार. ती तिथे खरंच राहते हे बघितल्याशिवाय सही नाही. त्यांना न्यायचं कुणी? मी! बस दोनदा बदलायची, मागे वळून बघत जायचं. कुणी मागे आलं तर पुढे जाऊन उतरायचं. मोठ्या बाई हे असं सांगतात जसं काही कोथिंबीर आणायला पाठवतायत.

रात्री अर्धी भाकरी ताटातच ठेवली. पेंटर म्हणाला, "काय झालं रे?" बुधवारी बाहेर जोखमीचं काम आहे, एवढंच बोललो. त्याने पाठीवर थाप मारली. "मी आहे ना." तो असला की जरा धीर येतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

झालं! सही झाली!

बसमध्ये मागे बघून बघून मान आखडली. कुणी नाही. छोटीने दाराच्या फटीतून साहेबांना विचारलं, "तुम्ही पोलीस का?"

"नाही ग बाळ. मला कोण घाबरतंय!"

"आमचा मामा घाबरतो. बघा, घाम आलाय त्याला." साहेब हसले, तिची आई हसली. तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. निघताना म्हणाली, "भाऊ, दोन महिन्यांत काल पहिल्यांदा कडी एकदाच तपासली आणि झोपले."

गल्लीच्या तोंडाशी पेंटर! हातात ब्रशचा डबा. "इकडे एका दुकानाची पाटी आहे. चल, बरोबरच जाऊ." जिवात जीव आला. वाटभर बडबडत होतो मीच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

छोटीच्या बापाला पाठवलेली कोर्टाची नोटीस परत आली. इसम पत्त्यावर आढळला नाही. शेजारी म्हणतात, दीड महिना झाला, घराला कुलूप लावून गेला तो गेलाच. वकीलबाईंनी नोटीस फायलीत लावली. मग म्हणाल्या, "घरात बसलेला परवडला. हा कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही."

पेंटरला सांगितलं. तो बूट पुसत होता. वर बघितलं नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी उठलो तर पेंटर नाही. वळकटी नाही, डबाही नाही. ऑफिसात आल्या आल्या कपाटातून अर्जाची प्रत काढून वाचली.

मोठ्या बाई पोलिसांना घेऊन छोटीच्या खोलीकडे निघाल्यात. मला म्हणाल्या, फोनपाशीच थांब. थांबलोय. तोवर लिहितोय. फोन वाजत नाही.

मी त्याला नुसतं मनगट म्हणालो होतो. डावं त्याने लिहिलं.