हिरव्या पानाची डबी

मंगळवार, दिवेलागणीनंतर

बोट साबणाने धुतलं, लिंबाने घासलं. तरी किळस जात नाही.

दादाने हेदवीच्या गणपतीसमोर दारू सोडली, तेव्हा आम्ही पेढे वाटले. शपथ पाळलीही त्याने. पण आता त्याच तोंडात सकाळ-संध्याकाळ ती काळी, डांबरासारखी चिकट गोळी. ट्रॉलरवर जाळी ओढून पाठ धरते म्हणून सुरू झाली. डबीवर हिरवं पान छापलंय, आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. डॉक्टरांना दाखवली, तर म्हणाले, "यात अफूसारखं काही असणार. त्याला घेऊन या, मनाने एकदम बंद करू नका."

संध्याकाळी दादाला हे सांगितलं. गोळी चुकली की जांभया, जुलाब, पायांत गोळे, तरी वर मलाच म्हणतो, "दारूला शिवलोय काय गो मी? झाडपाल्याचं औषध हाय ते!"

म्हणजे पान छापलं की विषही सोवळ्यात? देवाला फसवायची काय ही सोय!

तेवढ्यात आई लंगडत आली आणि तीर्थाला करतात तसा तळवा दादापुढे धरला. "दे रे बाबू, गुडघा ठणकतोय."

हिलाही? कधीपासून? म्हणून ही दुपारभर हाकेला ओ देत नाही, आणि आम्ही म्हणतो वय झालं! उद्या दोघांनाही डॉक्टरांकडे नेणार.

दादाने तिच्या तळव्यावर ठेवलेली गोळी मी हिसकावली, ती बोटांतच चिरडली. आई रागावली नाही. तिने माझं काळं बोट धरलं, कपाळाला लावलं आणि चाटलं.