संग्रहालयातले छप्पन ठोके

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या मनातल्या मनात). तुझं प्रशिक्षण कसं चाललंय? वसतिगृहातली गादी टोचते म्हणून लिहिलं होतंस, ती बदलून मिळाली का? तुझ्या दोन्ही मुली मजेत आहेत, जेवतात, भांडतात, आणि पोलीस वगैरे कोणी घरी आलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुझ्या कानावर बाहेरून काही आलं तर त्यात तिखटमीठ लावलेलं असणार.

झालं असं की रविवारी दुकान बंद, आणि घरात बसून दोघींनी माझं डोकं खाल्लं. म्हटलं, चला, पोरींना जरा इतिहास दाखवू. जिल्ह्याचं संग्रहालय चालत दहा मिनिटांवर आहे. (एवढ्या वर्षांत मीही कधी गेलो नव्हतो. जवळचं पाहायचं राहतं ते राहतंच.) पहिल्या दालनात फुटकी मडकी होती. धाकटीने मोठ्याने विचारलं की ही फोडली म्हणून कोणाला मार बसला. दुसऱ्यात तलवारी. तिसऱ्या दालनात मात्र भोवऱ्याने (तुझी थोरली आता या नावाशिवाय ओ देत नाही) माझी बाही ओढली आणि म्हणाली, मामा, घड्याळ बंद आहे.

ताई, तू आपल्या घराला ओळखतेस. घड्याळजीच्या घरात बंद घड्याळ बघून कोणी पुढे जातं का? पुरुषभर उंचीचं, काळ्या लाकडाचं, चार वाजून वीस मिनिटांवर रुसून बसलेलं. पहारेकरी तिकडे धाकटीला तलवारीपासून लांब करत होता. मी नुसतं डोकावणार होतो, शप्पथ. पण किल्ली आतच टांगलेली, आणि दुखणं तर अगदीच किरकोळ: घड्याळ एका अंगाला कललेलं, त्यामुळे लंबक चालत नव्हता. भोवऱ्याने तिकिटाची घडी करून पायाखाली सारली, मी किल्ली दिली आणि टिकटिक सुरू झाली. मग वेळ लावायला घेतली. पावणेबारा होत आले होते. काटा पुढे नेताना मधले ठोके पडू द्यावेच लागतात, नाहीतर यंत्र बिघडतं. म्हणजे पाचचे पाच, सहाचे सहा, असं करत अकरापर्यंत. एकूण छप्पन. तिथे आलेल्या एका शाळेच्या पोरांनी सगळे मोठ्याने मोजले.

तोवर पहारेकरी आला, त्याच्यामागून संचालकबाई धापा टाकत आल्या, आणि तेव्हा कुठे मी पाटी वाचली. (पाटी आधी वाचायची पद्धत आपल्या घराण्यात नाही.) शेवटचा राजा ज्या क्षणी राजवाडा सोडून गेला त्या क्षणी हे घड्याळ आपोआप थांबलं आणि गेली ऐंशी वर्षं तसंच आहे, असा मजकूर होता. बाई पहारेकऱ्याच्या स्टुलावर मटकन बसल्या. म्हणाल्या, "अहो, हे घड्याळ बंद आहे म्हणून लोक येतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मुकाट्याने ते पुन्हा थांबवायला दार उघडलं आणि भोवरा आत बघून ओरडली. तुला आठवतंच, दुरुस्ती झाली की बाबा दाराच्या आतल्या बाजूला सुईने तारीख आणि सही कोरायचे. ती तिथे होती, ताई. तारीख बरोब्बर चाळीस वर्षांपूर्वीची. म्हणजे राजा गेल्यावरही हे घड्याळ चालत होतं आणि बिघडलं तेव्हा आपल्या बाबांनी दुरुस्त केलं होतं. आणि सहीखाली वेड्यावाकड्या अक्षरात: मदतनीस, ठकी.

बाईंचा चेहरा उतरला. सत्तावीस वर्षं त्या ही गोष्ट सांगताहेत. पण बाई सरळ आहेत. म्हणाल्या, सही कोणीही कोरेल. ही ठकी कोण ते सिद्ध करा, मी पाटी बदलते आणि घड्याळ चालू ठेवते. नाहीतर पुढच्या सोमवारी तुमच्याच हाताने चार-वीसवर थांबवायचं. बाबांनी चालू केलेलं घड्याळ मी कसं थांबवू? माझा हात उठायचा नाही.

प्रकृतीला जप. मुलींची काळजी करू नकोस, घड्याळाची कर.

तुझा,
धाकटा

ता. क. यायची गरज नाही, बाईंना सहीनिशी पत्र चालेल. मात्र सोमवारच्या आत पोचलं पाहिजे. ठकी तूच हे लिही, तेव्हा वय किती होतं ते लिही, आणि बाबांनी किल्ली तुला फिरवू दिली का तेही. (शेवटचा प्रश्न बाईंचा नाही, माझा आहे. बाबा कामावर फक्त मला न्यायचे असं मी आजवर गावभर सांगत आलो. तू एकदाही खोडून काढलं नाहीस. दोन दिवस मी तुझ्यावर जाम चिडलो होतो, आता नाही.)

ता. क. २ पत्रात एक गोष्ट मुद्दाम लिहू नकोस. काल ठोके तपासायच्या निमित्ताने मी पुन्हा गेलो, तर तुझ्या नावाखाली दोन ताजी नावं कोरलेली. दोघींना खूप रागावलो. मग पहारेकरी पाणी प्यायला गेला तेवढ्यात त्यांच्याखाली मीही कोरलं. मदतनीस म्हणूनच.