पाणघोड्याच्या पिल्लाला सांगितलं तसं

मंगळवार, १४ तारीख, दुपारचे सव्वादोन

चि. ढब्ब्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत, तूही खुशाल असशील, अशी पत्राची सुरुवात मास्तरांनी आमच्याकडून छडी दाखवून घोटून घेतली होती. म्हणून लिहिली. त्यातला पहिला अर्धा भाग खोटा आहे. दुसऱ्याचं तुझं तू बघ.

पत्र बघून दचकू नकोस. अक्षर माझंच आहे, सातवी पास. कागद खालच्या शिंपिणीच्या मापाच्या वहीतले आहेत, म्हणून कडेला 'छाती', 'कंबर', 'बाही' असं छापलंय. तिकडे लक्ष देऊ नकोस. तुझ्या कंपनीतली बाई म्हणाली, जहाज पुढच्या बंदराला लागलं की पत्र थेट तुझ्या हातात पडेल. आवाज गोड होता तिचा. लग्न झालंय का विचारणार होते, पण तिनं फोन ठेवला.

बातम्या अशा. सूनबाईची या आठवड्यात दवाखान्यात सकाळची पाळी आहे. तिथं दिवसभर दुसऱ्यांना इंजेक्शनं टोचते आणि घरी स्वतःच्या बोटात काटा गेला तर मला हाका मारते. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. नळवाला आला, नळाकडे बघून 'अरेरे' म्हणाला आणि गेला. भिंगरीचा वरचा दात पडला. आता तिला 'स' म्हणता येत नाही, म्हणून मी मुद्दाम तिला 'सशाची सासू' म्हणायला लावते. ती चिडते. म्हणजे चिडायची. ते पुढे सांगते.

दुपारी ती शाळेतून आली की आम्ही दोघी चित्रांचे सिनेमे बघतो. हस, हस खुशाल. पण त्या सिनेमांनी मला जे शिकवलं ते सात इयत्तांनी शिकवलं नाही. ज्याच्या घराला गोल जिना, तो शेवटी दरीत पडतो. बाप पोरीला 'बाहेर जायचं नाही' म्हणाला की पोरगी बाहेर जाणार आणि बाप रडणार, यात आजवर बदल नाही. दुष्ट बाईच्या भुवया कायम चांगल्या कोरलेल्या असतात. आणि पहिल्या दहा मिनिटांत कुणाची तरी आई नाहीतर बाप मरतो. मरतोच. मी पडद्याला आधीच सांगून ठेवते, "चला, हिची गेली."

"आजी, गप्प बस ना!"

"अगं, पण गेलीच की."

"मग तिला जाऊ दे. तू कशाला मध्ये बोलतेस?"

तिच्या आवडीचा एक सिनेमा आहे, पाणघोड्याच्या पिल्लाचा. नऊ वेळा बघितला आम्ही. नदीला पूर येतो, पिल्लाची आई वाहून जाते. पिल्लू काठावर उभं राहून सगळ्यांना विचारतं, माझी आई कुठे गेली? जिराफ म्हणतो, लांबचं बघायला गेलीय. माकड म्हणतं, येईल हं. मगरसुद्धा तोंड फिरवते. मग एक म्हातारा बगळा येतो, लंगडा, पिसं गळालेला, तुझ्या गणिताच्या मास्तरांसारखा दिसतो अगदी. तो म्हणतो, "ती वाहून गेली. मेली. आता ती येणार नाही. तुला भूक लागलीय का?"

बस. एवढंच. पिल्लू रडतं आणि खातं.

बगळा आहे तो, ढब्ब्या. कुणीतरी रंगवलेला. त्याला पाच सेकंदांत जमलं. तुला चौदा महिने जमलं नाही.

आता तू म्हणशील, आई लागली वळणावर. हो, लागले. तीन आठवडे मी तुझा फोन घेत नाही आणि तू सूनबाईला विचारतोस, "आईला काय झालंय?" आईला राग आलाय. साधा नाही, पातेलं आपटायचा. दोन झाकणं चेपली.

तुझे बाबा गेले तेव्हा तू भर समुद्रात होतास. तो तुझा दोष नाही, समुद्रातून माणूस चालत येत नाही. फोनवर तू म्हणालास, "भिंगरीला काही सांगू नका. मी तीन महिन्यांत येतोय, मी स्वतः सांगतो." मी हो म्हटलं. बापानं सांगावं, बरोबरच आहे. तोवर तिला सांगायचं की आजोबा लांबच्या गावी बस चालवायला गेलेत, तिकडे ड्रायव्हर कमी पडतात. हेही तूच सुचवलंस. तिनं विचारलं, "मग फोन का करत नाहीत?" तर त्याचाही उपाय तुझ्याकडे होता. उपाय म्हणजे मी.

माझ्या घशाची करामत तुला ठाऊक आहे. शाळेत दाराआडून मास्तरांच्या आवाजात 'बसा खाली' म्हटलं की चाळीस पोरं धपकन बसायची. लग्नानंतर तुझ्या बाबांच्या आवाजात त्यांच्याच मित्राला 'आज यायला जमत नाही रे' सांगून मी त्यांना घरी बसवलंय, आणि तुझे बाबा हसून हसून बेजार झालेले मी बघितलेत. ती गंमत होती. त्यात समोरचा माणूस जिवंत होता.

तुझ्या सांगण्यावरून दर रविवारी सकाळी मी शिंपिणीच्या दुकानात जाऊन कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसायचे, फोनवर रुमाल धरायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "हं, बोला राणीसाहेब." वर आपल्या घरात भिंगरी आईच्या फोनला कान लावून बसलेली. शाळा, दात, पाणघोडा, सगळं सांगायची. एकदा एक गिऱ्हाईक झग्याचं माप द्यायला आलं आणि गठ्ठ्यांमागून पुरुषाचा आवाज ऐकून किंचाळलं. शिंपीण म्हणाली, "घाबरू नका, आमच्या आजी आहेत, त्या सध्या आजोबा झाल्यात." त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. मी हसले, हे लिहून ठेवते. सगळा दोष तुझ्याच पदरात टाकणारी आई मी नाही.

तीन महिन्यांनी तू आला नाहीस. करार वाढवलास. मग पुन्हा वाढवलास. जहाजावर माणूस कमी आहे म्हणे. घरात किती कमी आहेत ते मोजलंस का?

आणि मग तो फोन. भिंगरी शाळेत, सूनबाई पाळीवर. इकडचं तिकडचं बोललास आणि म्हणालास, "आई, एकदा बाबांच्या आवाजात बोल ना. फक्त हॅलो म्हण." मी बोलले. आई आहे, काय करू? तू तिकडे रडलास आणि फोन ठेवताना म्हणालास, "बरं, बाबा." 'बरं, आई' नाही. त्यानंतर दर फोनला तेच. म्हणूनच मी फोन घेत नाही. म्हणूनच हे पत्र. कागदावर माझी कुणाचा आवाज काढायची सोय नाही, आणि तुझीही ऐकायची नाही.

आता गेल्या महिन्यातलं ऐक.

भिंगरीच्या शाळेत घरच्या एका मोठ्या माणसाला बोलावलं होतं, आपल्या कामाबद्दल मुलांना सांगायला. तिनं रविवारी फोनवर विचारलं, "आजोबा, याल ना? मी सगळ्यांना सांगितलंय, माझे आजोबा एकतीस वर्षं बस चालवतात." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येतो, राणीसाहेब." ठरवून बोलले नाही रे. ते असते तर हेच म्हणाले असते. त्यांचा आवाज काढता काढता त्यांचंच उत्तर आलं. अशी चूक दुसऱ्या कुणाच्या घरात होणारसुद्धा नाही. तिथं बायका आपल्या तोंडानं बोलतात.

शाळेच्या फाटकापाशी ती कार्यक्रम संपेपर्यंत उभी होती. मी 'आजी येते ना बोलायला' म्हटलं तर माझा हात झटकला. बेकरीवाला, दंतवैद्य, कुणाची तरी टायपिस्ट मावशी, सगळे बोलून गेले. एक पोरगी हिला म्हणाली, "तुला आजोबाच नसतील."

पुढच्या रविवारी फोनवर ती बोलली, मी नाही. "तुम्ही खोटारडे आहात. तुम्हाला बस आवडते, मी नाही आवडत. ड्रायव्हरला पण रविवार असतो. मला नकोत असे आजोबा." आणि फोन बंद.

मी वर आले. त्यांची खाकी टोपी, जी ती खुंटीवरून कुणाला हलवू देत नव्हती, ती कचऱ्याच्या डब्यात होती. वर चहाचा चोथा.

ज्या माणसानं एकतीस वर्षांत थांब्यावरचं एक माणूस मागे सोडलं नाही, तापात बस काढली, दिलेला शब्द कधी मोडला नाही, त्याला आपण तिघांनी मिळून मेल्यावर खोटारडा केला. तू, मी आणि तुझी बायको. तिच्या मनात तो लबाड झाला. मेलेल्याला उठून 'मी तसा नाही गं' म्हणता येत नाही. त्या डब्यासमोर मला जो संताप आला, ढब्ब्या, तू समोर असतास तर तुझ्या या वयात तुझ्या पाठीवर धपाटा बसला असता. नंतर स्वतःच्याही घातला असता, पण हात पोचत नाही.

भिंगरी पाणघोडा लावून बसली होती. मी बंद केला.

"आजी! लाव परत!"

"आजोबा मेले," मी म्हटलं. "गेल्या वर्षीच. दवाखान्यात. ते आता येणार नाहीत. फोनवर मी होते."

ती सरकून माझ्याजवळ आली. मग म्हणाली, "करून दाखव."

"नाही. आता कधीच नाही."

"म्हणजे ते खोटं नाही बोलले?"

"नाही. मी बोलले."

मग तिनं मला मारलं. दोन्ही मुठींनी, पोटात, हातावर, जिथं लागेल तिथं. मी मारून घेतलं. दमल्यावर ती उठली, डब्यातून टोपी काढली आणि नळाखाली धरून साबणानं घासत बसली. मी विचारलं, "भूक लागलीय का?" पाठ न वळवता म्हणाली, "हो." जेवली. रडत होती आणि जेवत होती. मी तो सिनेमा नऊ वेळा उगाच बघितला नाही.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. बरोबर आहे तिचं. सूनबाईला तिनं विचारलं, "तुला माहीत होतं?" सूनबाई न्हाणीघरात जाऊन बसली. तुला हे मीच कळवणार, असं तिला बजावलंय. ती बरी होईल, तिची काळजी तू करू नकोस. सिनेमे आम्ही अजून बघतो, पण भिंगरी सोफ्याच्या त्या टोकाला असते. काल मात्र जाहिरात लागल्यावर तिकडूनच तिनं एक विचारलं.

"आजी, आजोबा मेलेत ते बाबांना माहीत आहे का?"

मी म्हटलं, "का गं?"

"ते फोनवर अजून विचारतात ना, आजोबांशी बोललीस का म्हणून."

मी उठले आणि खाली जाऊन शिंपिणीकडून हे कागद मागून आणले. हजरजबाबी म्हणून चार घरांत नाव आहे माझं, आणि सात वर्षांच्या पोरीनं मला पत्र लिहायला बसवलं. कारण मला खरंच कळेना, तुला माहीत आहे की नाही. करारावर करार करतोस, घरी यायचं टाळतोस, मला त्यांचा आवाज काढायला लावतोस. न आलेल्या माणसाच्या घरात कुणी मेलेलं नसतं, हेच ना?

तर मी सांगते. तिला सांगितलं तसंच.

तुझे बाबा मेले. गुरुवारी सकाळी, दवाखान्यातल्या खिडकीजवळच्या खाटेवर. त्रास फार झाला नाही. मी आणि सूनबाई होतो.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तू कधी विचारलं नाहीस, मीही विचारू दिलं नाही. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "ढब्ब्या कुठवर आलाय?" तुझं जहाज तेव्हा किनाऱ्यापासून अकरा दिवसांवर होतं. मी म्हटलं, "निघालाय." त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "घाई करू नको म्हणावं. रस्ता बघून ये."

मग पुन्हा बोलले नाहीत.

भिंगरीशी खोटं बोलले ते मी निस्तरलं. हे मला एकटीला निस्तरता येत नाही. हे खोटं मी ज्यांच्याशी बोलले ते आता राहिले नाहीत, आणि ज्याच्याबद्दल बोलले तो तू.

पुढच्या करारावर सही करू नकोस. फोन करू नकोस, मी घेणार नाही. भिंगरीला तिच्या प्रश्नाचं उत्तर तूच द्यायचंय, तोंडानं, समोर बसून. मी तुझ्यासाठी कुणाच्याच आवाजात बोलणार नाही.

मी त्यांना सांगितलंय तू निघालायस. निघ.

अजून चिडलेली,
तुझी आई